पुस्तकांची भिंत

घर बांधावयाचे ठरले म्हणजे घरातील प्रत्येक जण आपापली मागणी घेऊन पुढे येतो. गृहिणीला स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मनासारखी हवी असते, वडीलधाऱ्यांना देवघराची दिशा सांभाळावयाची असते, मुलांना आपली स्वतंत्र खोली हवी असते. मोटारीसाठीसुद्धा नकाशावर जागा आखून ठेविली जाते. पुस्तके मात्र काही मागत नाहीत. म्हणूनच घरातील सर्वांत उपेक्षित रहिवासी तेच होत. सामानसुमान लावून झाले, की जी जागा दुसऱ्या कोणालाच नको असते ती त्यांच्या वाट्याला येते. मग पोटमाळा म्हणा, पलंगाखालची जागा म्हणा, नाहीतर जिन्याखालचा अंधार म्हणा. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते पुस्तकांविषयी नव्हे, तर पुस्तके ज्या फळीवर उभी राहतात त्या फळीविषयी. विषय सुतारकामाचा आहे. परंतु त्यात चुकले तर काय गमवावे लागते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

आमचे कुटुंब काही वर्षांपासून देवनहळ्ळीस राहते. बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासात त्याचे नाव येते. त्याचा दगडी किल्ला अजून उभा आहे, आणि येथील पपनस सर्वत्र वाखाणले जाते. मे 2008 मध्ये येथील नवा विमानतळ सुरू झाला, आणि द्राक्षांच्या मळ्यांमधून घरांच्या वसाहती उठू लागल्या. त्यांपैकी एका घरात मुलाच्या नोकरीपायी आम्ही येऊन राहिलो. माझी पुस्तके पुण्याहून एकवीस खोक्यांतून आली. तळमजल्यावरच्या एका खोलीत, बाहेरच्या भिंतीला टेकवून, ती रचून ठेविली. ‘पुढे बघू’ असे म्हटले, आणि सहा वर्षे गेली.

एके दिवशी नातीने विचारले, “आजोबा, या खोक्यांत काय आहे?” मुलगी शाळेत इंग्रजी शिकते, मैत्रिणींशी कन्नड बोलते, आमच्याशी मराठी बोलते. पण ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्या घरात तिला मराठी पुस्तक कधी दिसलेच नव्हते. खोकी उघडली. भिंतीलगतच्या दोन खोक्यांच्या तळाशी वाळवी लागली होती. माझ्या वडिलांनी जपलेल्या डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे चार खंड वरून धडधाकट दिसत होते. हातात घेतले तेव्हा त्यांच्यातून माती गळाली. तेवीस खंडांपैकी एकोणीस उरले. त्या संध्याकाळी आम्ही ठरविले, की बैठकीच्या खोलीतील एक संपूर्ण भिंत पुस्तकांना द्यावयाची.

भिंतीतले कपाट ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असत. त्यांत दिव्यासाठी कोनाडा, देवासाठी देवळी, धान्यासाठी बळद आणि भांड्याकुंड्यांसाठी फडताळ ही सारी बांधतानाच काढीत. भिंत ही नुसती आडोसा नव्हती. ती घरातली सर्वांत मोठी पेटीच होती. आजच्या घरांत भार वाहतात ते काँक्रीटचे खांब आणि तुळया; मधल्या भिंती चार किंवा सहा इंचांच्या, आणि त्यांत कोरावयास जागाच नाही. म्हणून आजचे फडताळ भिंतीत न कोरता भिंतीपुढे उभारावे लागते.

आणखीही एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या पोथ्या सुट्या पानांच्या असत. दोन लाकडी पाट्यांमध्ये ठेवून, कापडात बांधून त्या आडव्या रचीत. तंजावरच्या भोसले राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात अशा पोथ्यांचा संग्रह आजही पाहावयास मिळतो. छापील, बांधीव पुस्तक मात्र उभे राहते. आडव्या ढिगातून तळाचे पुस्तक काढावयाचे तर वरची दहा उचलावी लागतात. आणि जे काढण्यास कष्ट पडतात ते पुस्तक हळूहळू वाचले जाईनासे होते. तेव्हा घरच्या ग्रंथसंग्रहाचा पहिला नियम असा, की प्रत्येक पुस्तकाची पाठ दिसली पाहिजे आणि ते एका हाताने निघाले पाहिजे. पुढे सांगावयाचे सारे या एका नियमातून निघते.

पुस्तकांसाठी घर कसे आखावे याचे आपल्याकडील थोर उदाहरण म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 नंतरच्या दशकात ही वास्तू उभारली, ती मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. खाली कुटुंबाची राहण्याची सोय, आणि वरचा मजला ग्रंथांसाठी व अभ्यासासाठी. या आस्थेमागे एक जुनी जखमही असावी. 1917 मध्ये ते लंडनहून परतले, तेव्हा बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके, जहाज पाणतीराने बुडाल्यामुळे, समुद्रात गेली. ज्याने एकदा पुस्तके गमावली आहेत त्याला त्यांच्या जागेचे मोल सांगावे लागत नाही. आपणां सर्वसामान्यांना एवढे करणे शक्य नाही. पण आधी पुस्तके मोजावी आणि मग घर आखावे, हा क्रम त्यांच्याकडून घेता येतो.

तर आरंभ मोजण्यापासून. आमचा सुतार आला, त्याने भिंतीला टेप लावला आणि विचारले, “किती फळ्या घालू?” कपाट हा शब्द कन्नडातही आहे, त्यामुळे तेथवर काही अडले नाही. पण किती फळ्या, हे भिंतीने सांगावयाचे नसते. ते पुस्तकांनी सांगावयाचे असते. आम्ही त्याला दोन दिवस थांबविले आणि सारी पुस्तके जमिनीवर उंचीप्रमाणे लावली. क्राउन आकाराच्या कादंबऱ्या सुमारे 19 सेंटिमीटर उंचीच्या, डेमी आकाराचे ग्रंथ सुमारे 22 सेंटिमीटरांचे, दिवाळी अंक त्यांहून थोर, आणि कोशांचे व चित्रांचे ग्रंथ सर्वांत मोठे. बहुसंख्य पुस्तके 22 सेंटिमीटरांच्या आत होती. वर बोटे घालावयास तीन-चार सेंटिमीटर जागा सोडली म्हणजे 26 सेंटिमीटरांची ओळ पुरते. कोशांसाठी तळाशी 35 आणि त्यावर दिवाळी अंकांसाठी 30 अशा दोन ओळी. सर्वच ओळी सर्वांत मोठ्या पुस्तकाच्या मापाने केल्या, तर प्रत्येक ओळीवर वीतभर जागा रिकामी राहते, तिच्यात पुस्तके आडवी शिरतात, आणि थोड्याच दिवसांत आपण पुन्हा ढिगावर येतो.

खोलीचेही तसेच. डेमी पुस्तकाची रुंदी 14 सेंटिमीटर. त्याला 20 ते 25 सेंटिमीटर खोलीची फळी पुरे. कपड्यांच्या कपाटाच्या सवयीने सुतार दोन फूट खोली सुचवितो. तेवढी खोली दिली, की पुढच्या रांगेमागे पुस्तकांची दुसरी रांग जाऊन बसते, आणि मागच्या रांगेतील पुस्तक हे खोक्यातल्या पुस्तकाहून फारसे वेगळे नसते. आम्ही वरच्या पाच ओळी 25 सेंटिमीटरांच्या ठेविल्या आणि तळच्या दोन 32 च्या. मधे जी अरुंद पायरी तयार झाली, तिच्यावर काढलेले पुस्तक घटकाभर टेकविता येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे फळीची लांबी. पुण्याच्या घरी मी एकदा चार फूट लांबीच्या फळ्यांचे सुबक कपाट करवून घेतले होते. दोन वर्षांत फळ्या झोपाळ्यासारख्या खाली वाकल्या. दोष मी लाकडाला दिला. तो खरे पाहता मापाचा होता. एक मीटर लांबीच्या ओळीत साधारण 40 पुस्तके मावतात, आणि त्यांचे वजन 25 किलोच्या आसपास भरते. जाड, गुळगुळीत कागदाचे ग्रंथ असतील तर त्याहून बरेच अधिक. दोन टोकांवर टेकलेली फळी अशा सर्वत्र पसरलेल्या भाराखाली किती वाकेल, याचा हिशेब स्थापत्यशास्त्रात ठरलेला आहे. बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे फळीची लांबी दुप्पट केली, तर बाक दुप्पट होत नाही. तो सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर तो अष्टमांशावर येतो. 18 मिलिमीटर जाडीची प्लायवुडची फळी 60 सेंटिमीटरांत जेमतेम एक मिलिमीटरही वाकत नाही. तीच 120 सेंटिमीटरांची केली, तर आरंभीच एक सेंटिमीटरभर वाकते. आणि लाकडाचा स्वभाव असा, की भार वर्षानुवर्षे राहिला तर तो बाक आणखी वाढतो व मग कायमचा होतो.

म्हणून साध्या प्लायवुडची किंवा सागाची पाऊण इंची फळी 70-75 सेंटिमीटरांहून लांब करू नये. लाकडाच्या भुशाची दाबून केलेली स्वस्त फळी याहूनही आखूड हवी. ती लवकर वाकते आणि पाणी लागल्यास फुगते. आमची भिंत 3.6 मीटर रुंद होती. तिच्यात सहा उभ्या फळ्या घालून 70-70 सेंटिमीटरांचे पाच खण केले. फळीच्या पुढच्या कडेला चार सेंटिमीटर उंचीची सागवानी पट्टी चिकटविली. दिसावयास ती शोभेची वाटते, पण काम करते तुळईचे. उभी पट्टी वाकावयास कठीण असते, म्हणून ती फळीलाही वाकू देत नाही.

लाकूड कोणते घ्यावे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. साग उत्तम, यात शंका नाही. त्यातील तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही आणि ऋतू बदलला तरी तो फारसा हलत नाही. पण तो महाग, आणि साग म्हणून दुसरेच लाकूड गळ्यात पडण्याची भीती. बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काष्ठविज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. तिचा आरंभ 1938 साली वन संशोधन प्रयोगशाळा म्हणून झाला. तेथे लाकडाची ओळख पटवून मिळते. प्लायवुड घ्यावयाचे तर त्यावरील भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. ओलीला टिकणारे, उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाने जोडलेले प्लायवुड 710 या मानकाखाली येते. सगळे कपाट त्याचे करण्याची गरज नाही; तळची ओळ आणि भिंतीलगतची पाठ एवढी त्याची असावी. दगडाच्या फळ्याही करतात. आपल्याकडे कडप्प्याची फडताळे घरोघर आहेत, आणि देवनहळ्ळीच्या वाटेवरील सादहळ्ळीच्या नावाने ओळखला जाणारा करडा दगड या भागात मुबलक वापरला जातो. दगडाला वाळवी लागत नाही. पण तो जड, आणि वाकण्याऐवजी एकदम तुटणारा. आम्ही तो फळीसाठी न वापरता बैठकीसाठी वापरला. त्याचे कारण आता सांगतो.

पुस्तकांचा खरा शत्रू ओल, आणि वाळवी ही ओलीची पाहुणी. वाळवी जमिनीत राहते. फटीतून वर येऊन ती भिंतीवर मातीची नळी बांधते आणि त्या नळीतून, उजेडाला न येता, लाकडाकागदापर्यंत पोहोचते. भिंतीला घट्ट चिकटलेले कपाट म्हणजे तिला आयता आडपडदा. म्हणून चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली, कपाटाची पाठ भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवावी आणि वर-खाली हवा खेळती ठेवावी. दुसरी, कपाट जमिनीवर न ठेवता दहा सेंटिमीटर उंचीच्या दगडी बैठकीवर उभे करावे; फरशी पुसतानाचे पाणीही मग लाकडापर्यंत जात नाही. तिसरी, वाळवीवरचे औषध कपाट उभारण्याआधी भिंतीच्या कडेने भोके पाडून जमिनीत घालून घ्यावे. नवे घर असेल तर ते पाया उघडा असतानाच घालावे. कपाट झाल्यावर ती जागा पुन्हा हाती लागत नाही.

चौथी गोष्ट धीराची आहे. ज्या भिंतीवर कपाट उभारावयाचे ती एक पावसाळा पाहावी. महाराष्ट्रातून येणाऱ्याला वाटते, जून-जुलै कोरडे गेले म्हणजे भिंत पार पडली. येथे तसे नाही. बंगळूरच्या परिसरात अधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, आणि आमच्या भिंतीची ओल दसऱ्याच्या सुमारास दिसली. प्लास्टिकचा हातभर कागद चारी कडांनी भिंतीला चिकटवून काही दिवस ठेवावा. मागच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतूनच येते आहे असे समजावे. पलीकडे न्हाणीघर असलेली किंवा पावसाचा मारा झेलणारी भिंत टाळलेली बरी. आम्ही भिंत बदलली, तीन महिने थांबलो, आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

मग उरतो वजनाचा प्रश्न. सात ओळी, प्रत्येक साडेतीन मीटर. म्हणजे जवळजवळ 25 मीटरांची रांग, सुमारे एक हजार पुस्तके आणि सहाशे किलोंहून अधिक भार. हा भार भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवर टांगता येत नाही. तो उभ्या फळ्यांतून सरळ बैठकीवर आणि बैठकीतून जमिनीवर उतरला पाहिजे. भिंतीला कपाट बांधावयाचे ते केवळ पुढे कलंडू नये म्हणून, वरच्या कडेला. मुले फळ्यांवर चढतात, हे मुलांना सांगून थांबत नाही. म्हणून हे बांधणे चुकवू नये. आणि भिंत सरळ असते हा समजही सोडून द्यावा. ओळंबा धरला तेव्हा आमची भिंत वर जाता जाता पाऊण इंच कललेली निघाली. कपाट ओळंब्याला व पाणसळीला लावावे, भिंतीला नव्हे; राहिलेली फट कडेच्या पट्टीने झाकता येते.

मधल्या फळ्या आम्ही पक्क्या न करता खुंट्यांवर ठेविल्या. उभ्या फळ्यांत तीन-तीन सेंटिमीटरांवर भोके पाडली आहेत. पुढे संग्रह बदलला, तर फळी वर-खाली करता येईल. दर खणात एक फळी मात्र पक्की ठेवावी, म्हणजे चौकट ताठ राहते. काचेची दारे लावावी की नाही, यावर घरात बराच खल झाला. धूळ येथे फार, कारण आजूबाजूस बांधकामे सुरूच असतात. पण बंद कपाटात हवा कोंडते, आणि कसरीला कोंदट जागा प्रिय. शेवटी जुन्या, नाजूक पुस्तकांच्या एका खणास दारे लावली, त्यांनाही वाऱ्यासाठी भोके ठेविली. बाकीचे उघडे ठेविले. खिडकी कपाटासमोर नाही, बाजूला आहे. थेट ऊन पडले, की कागद पिवळा पडतो आणि पाठीवरची अक्षरे उडतात.

काम पुरे व्हावयास पंधरा दिवस लागले. रंधा, करवत, पटाशी यांच्या आवाजाला घर सरावले होते. सुतार गेला तेव्हा सुनेसुने वाटले. पुस्तके लावताना आम्ही प्रत्येक ओळीची चतुर्थांश जागा मोकळी सोडली. गच्च भरलेल्या ओळीतून पुस्तक ओढताना त्याच्या पाठीचा वरचा कापडी काठ फाटतो. आणि ज्या घरात नव्या पुस्तकाला जागा नाही, त्या घरात नवे पुस्तक येत नाही.

कोशांची तळची ओळ लावून झाली, तेव्हा ज्ञानकोशाच्या एकोणीस खंडांमध्ये चार खंडांची जागा मी रिकामी ठेविली. सुनेने सुचविले, की तेथे दुसरे काही ठेवता येईल. मी नको म्हटले. ती जागा डोळ्यांपुढे असलेली बरी. ‘पुढे बघू’ या दोन शब्दांची किंमत तिच्यात लिहिलेली आहे.

कोशांच्या वरची ओळ मुलीच्या उंचीची आहे. दिवाळी अंक आम्ही एका टोकास सरकवून तिची पुस्तके तेथे लावली. परवा दुपारी मी पाहिले, ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि एक बोट ओळीखाली ठेवून, अक्षर अक्षर जुळवीत, माझ्या लहानपणचे एक गोष्टीचे पुस्तक वाचीत होती. कोणी दिले, असे मी विचारले. तिने मान वर न करता सांगितले, “कोणी नाही. समोरच होतं.”